कॉनकॉलची ट्रान्सक्रिप्ट ग्रुपवर टाकण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नऊ जण, सगळे नोकरी-धंदा सांभाळून स्वतःच्या पैशाने शेअर घेणारे. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. तिमाही निकाल लागले की कॉनकॉलच्या, म्हणजे निकालांवर कंपनी विश्लेषक-गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्या कॉलच्या, ट्रान्सक्रिप्ट (लेखी उतारे) आणि त्यांचे सारांश एकमेकांना पाठवता. गेल्या वेळी एकाने टाकलेल्या सारांशात ‘मॅनेजमेंटने १८ टक्के मार्जिनचा गाइडन्स दिला’ असं होतं, म्हणजे पुढे विक्रीवर १८ टक्के नफा राहील असा अंदाज कंपनीनेच दिला. त्यावर दोघांनी शेअर घेतले. आठवड्याने ट्रान्सक्रिप्ट आली, तर त्यात तसं कोणी म्हटलंच नव्हतं. ग्रुपमध्ये वादावादी झाली, एक जण बाहेर पडला. आता विचारता की हे पाठवणं कायद्यात बसतं का, आणि चालू ठेवायचंच तर कसं ठेवावं.

मी बावीस वर्षं एका लिस्टेड इंजिनीअरिंग कंपनीत सेक्रेटरियल खात्यात होते. या ट्रान्सक्रिप्ट ज्या टेबलावरून जातात, त्या टेबलामागे बसलेली बाई. निवृत्तीनंतर आता माझाही सहा जणांचा ग्रुप आहे आणि आम्हीही हेच करतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

पाठवणं कायद्यात बसतं. त्याच्या कडेकोपऱ्यांबद्दल पुढे सांगते. पण तुमचं भांडण कायद्यावरून झालेलं नाही. ते झालं रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट यांच्या मधल्या दिवसांत.

नियम असा आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिने २०२१ साली लिस्टिंगच्या नियमांत, म्हणजे एलओडीआरमध्ये, दुरुस्ती केली. निकालानंतरचा कॉल घेतला असेल तर त्याचं रेकॉर्डिंग पुढच्या ट्रेडिंगच्या दिवसाआधी किंवा चोवीस तासांत, यातलं जे आधी येईल तेव्हा, कंपनीच्या वेबसाइटवर यायला हवं. लेखी ट्रान्सक्रिप्टला मात्र कामकाजाचे पाच दिवस मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून हे ऐच्छिक होतं, १ एप्रिल २०२२ पासून सक्तीचं झालं. रेकॉर्डिंग किमान पाच वर्षं वेबसाइटवर ठेवायचं, ट्रान्सक्रिप्ट कायमची जपायची, असं त्या दुरुस्तीत होतं. एक लक्षात ठेवा, कॉल घेण्याचीच सक्ती नाही. घेतला तर हे सगळं लागू होतं. त्यामुळे एखाद्या कंपनीची ट्रान्सक्रिप्ट सापडत नसेल तर ती लपवलेली असेलच असं नाही, कॉलच झालेला नसेल.

आता कॅलेंडर समोर ठेवा. तिमाही निकालांना पंचेचाळीस दिवसांची मुदत, म्हणजे जून तिमाहीसाठी १४ ऑगस्ट. कितीतरी लहान-मध्यम कंपन्या शेवटच्या दोन दिवसांत निकाल लावतात आणि त्याला लागूनच कॉल घेतात. पंधरा ऑगस्टची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. कामकाजाचे पाच दिवस मोजता मोजता आठवडा उलटतो. त्या आठवड्यात तासाभराचं रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी उघडं पडलेलं असतं आणि ते कोणी ऐकत नाही. सगळे एकमेकांचे सारांश वाचतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

आमच्या वेळी तर रेकॉर्डिंगही बाहेर यायचं नाही. सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत, उचित प्रकटीकरणाच्या तत्त्वांमध्ये, विश्लेषकांच्या बैठकांचे वृत्तान्त किंवा ट्रान्सक्रिप्ट वेबसाइटवर टाकण्याची चांगली पद्धत पाडावी असं लिहिलेलं होतं. पण ‘चांगली पद्धत’ म्हणजे ज्याला वाटेल त्याने पाडायची. बऱ्याच कंपन्या टाकायच्या, बऱ्याच टाकायच्या नाहीत. ज्या टाकायच्या, त्यांची ट्रान्सक्रिप्ट कशाशी ताडून पाहायला बाहेरच्या माणसाकडे काहीच नसे.

ती ट्रान्सक्रिप्ट कशी तयार होते ते एकदा बघा, म्हणजे वाचताना कुठे थबकायचं ते कळेल. कॉल चालवणारी एजन्सी वेगळी असते. ‘सर्वांचे आवाज सध्या बंद आहेत, प्रश्न विचारायचा असेल तर स्टार आणि एक दाबा’ असं सांगणारा मॉडरेटर त्यांचा. कॉल संपला की एक-दोन दिवसांत एजन्सीकडून कच्चा मसुदा येतो. तो आमच्याकडे, फायनान्सकडे आणि गुंतवणूकदार संपर्काचं काम बघणाऱ्या सल्लागाराकडे जातो. विश्लेषकांच्या आडनावांची वाट लागलेली असते, ती आधी नीट करायची. मग आकडे. इंग्रजीत पंधरा आणि पन्नास, फिफ्टीन आणि फिफ्टी, यांनी मला जितका त्रास दिला तितका ऑडिटरनेही दिला नसेल. एकदा आमचे संचालक पन्नास कोटींच्या कॅपेक्सबद्दल, म्हणजे यंत्रं-इमारतींवरच्या खर्चाबद्दल, बोलले आणि मसुद्यात पंधरा आलं. खाली विश्लेषकाने ‘मग कर्ज किती घेणार’ असं विचारलं होतं, त्यावरून मला शंका आली म्हणून सापडलं. कोटी आणि मिलियन यांची सरमिसळही तशीच. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ तर फोनवर एकसारखेच ऐकू येतात, आणि वाक्याचा अर्थ एकदम उलटा.

यापुढचा टप्पा जरा नाजूक. बऱ्याच ट्रान्सक्रिप्टच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की वाचनसुलभतेसाठी संपादन केलं आहे, हा शब्दशः वृत्तान्त नाही. हे वाक्य कोणी वाचत नाही. संपादन म्हणजे ‘अं’, ‘यू नो’, अर्धवट सोडलेली वाक्यं काढणं, इतपत ठीक. पण एका तिमाहीत वरिष्ठांनी ‘आम्ही करू’ असं सरळ बोललेलं वाक्य मसुदा परत आला तेव्हा ‘करू शकू अशी आशा आहे’ असं झालं होतं. मी हटकलं. उत्तर मिळालं, ‘अर्थ तोच आहे हो, फक्त भाषा जरा सावध केली.’ मी तो वाद हरले आणि ट्रान्सक्रिप्ट तशीच गेली. अठरा महिन्यांनी ते काम झालं नाही तेव्हा लोकांनी जुनं ‘आशा आहे’ वाचलं आणि म्हणाले, त्यांनी कुठे कबूल केलं होतं? ज्यांनी कॉल ऐकला होता ते सोडून सगळ्यांच्या लेखी तीच खरी गोष्ट ठरली. अजूनही मला त्याची बोच आहे.

म्हणून २०२२नंतर जे बदललं त्यात मला ट्रान्सक्रिप्टपेक्षा रेकॉर्डिंगचं मोल जास्त वाटतं. ट्रान्सक्रिप्ट शोधायला, उद्धृत करायला, वर्षावर्षांची तुलना करायला सोयीची. पण वाद झाला तर रेकॉर्डिंगच पंच.

आता तुमचे १८ टक्के. तुम्ही ट्रान्सक्रिप्टचं ते पान जोडलंत हे बरं केलंत. कंपनीचं नाव इथे नको. इंग्रजीतला संवाद मराठीत सांगायचा तर असा आहे. विश्लेषक विचारतो, ‘सर, दुसऱ्या सहामाहीत मार्जिन अठरा टक्के धरू का?’ एमडी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक, म्हणतात, ‘अठरा आम्ही पूर्वी केलेत, कोविडच्या आधी. होणारच नाही असं नाही. आजच्या प्रॉडक्ट मिक्सवर पंधरा-सोळा आम्हाला सोयीचं वाटतं. अठराकडे जायची टीमची इच्छा आहे.’ विश्लेषक पुन्हा, ‘म्हणजे वर्ष-दोन वर्षांत अठरा?’ एमडी म्हणतात, ‘डायरेक्शनली, येस.’

हे पान मी तीनदा वाचलं. पहिली गोष्ट, अठरा हा आकडा एमडींच्या तोंडून आधी आलेलाच नाही. तो विश्लेषकाने त्यांच्या पुढ्यात टाकला. कॉनकॉलमध्ये हा नेहमीचा डाव आहे. त्याने आपल्या एक्सेलमध्ये अठरा आधीच धरलेले असतात, त्यावर त्याला हुंकार हवा असतो. दुसरी गोष्ट, त्या उत्तरात खरा आकडा आहे आणि तो पंधरा-सोळा आहे. ‘सोयीचं वाटतं’ हे त्या माणसाने स्वतःहून म्हटलंय. तिसरी गोष्ट ‘डायरेक्शनली’. बावीस वर्षांत या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगू शकलं नाही. दिशा तीच, पण कधी निघणार, कशाने जाणार, पोहोचणार का, हे काही सांगत नाही, असा मी घेते. पुण्याहून मुंबईकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस डायरेक्शनली मुंबईलाच चाललेला असतो.

तुमच्या मित्राने खोटं लिहिलं नाही. त्याने अठरा ऐकलं, येस ऐकलं आणि मधलं गाळलं. किंवा त्याने स्वतः ऐकलंच नसेल. तुम्ही लिहिलंय की तो हल्ली रेकॉर्डिंग एआयला देऊन मजकूर काढतो. ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये व्हिस्पर नावाचं मॉडेल खुलं केल्यापासून हे कोणालाही घरबसल्या जमतं. आम्हीही करतो. पण त्या मजकुरात कोण बोललं हे बऱ्याचदा नीट वेगळं होत नाही, प्रश्न आणि उत्तर एका परिच्छेदात वाहत जातात. मग त्याचा सारांश काढणाऱ्या दुसऱ्या यंत्राला विश्लेषकाचं अठरा हे एमडींचं अठरा वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ शांतता असली की ही मॉडेलं कधी कधी न बोललेलं वाक्यही घालतात. शिवाय आपल्याकडचं इंग्रजी, त्यात मधेच हिंदी, ‘दो सौ बीस करोड़’, लाख-कोटींचे स्वल्पविराम. एआयचा मजकूर कुठे काय आहे ते शोधायला वापरा. ‘अठरा’ शब्द किती मिनिटांवर आला ते बघा आणि तिथलं पाच मिनिटं कानाने ऐका. कानाला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

आमच्या ग्रुपची रीत सांगते, तुम्हाला पटेल ते घ्या. सहा जणांनी अठरा कंपन्या वाटून घेतल्यात, प्रत्येकाकडे तीन. ज्याची कंपनी त्याने कॉल पूर्ण ऐकायचा. बाकीच्यांनी ऐकलाच पाहिजे असं नाही. ऐकणाऱ्याने ग्रुपवर जे टाकायचं ते साधारण असं दिसतं:

‘अमुक कंपनी. सप्टेंबर तिमाही. कॉल १२ नोव्हेंबर. रेकॉर्डिंगवरून, ट्रान्सक्रिप्ट अजून नाही. ३४व्या मिनिटाला, विचारल्यावर: “पंधरा-सोळा आम्हाला सोयीचं वाटतं.” कोण: एमडी. अठराचा आकडा विश्लेषकाचा. माझं मत: सोळा धरून चालतोय.’

बस. ‘विचारल्यावर’ की ‘स्वतःहून’, हा शब्द आम्ही कधी गाळत नाही, कारण मॅनेजमेंट जे आपणहून सांगते आणि जे तिच्याकडून काढून घ्यावं लागतं त्यात फरक असतो. ‘माझं मत’ वेगळ्या ओळीत. ट्रान्सक्रिप्ट आली की मिनिटाच्या जागी पान क्रमांक टाकायचा आणि ‘ट्रान्सक्रिप्ट अजून नाही’ काढायचं. सुरुवातीला आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना हे फार कारकुनी वाटलं. तिसऱ्या तिमाहीपासून तेच सगळ्यांच्या चुका काढायला लागले.

फाइल पाठवण्यापेक्षा दुवा पाठवा. बीएसईच्या साइटवरून पीडीएफ उतरवली की तिचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब माळ असते. ती तशीच पुढे ढकलली की सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाही कुठल्या कंपनीची, कुठल्या तिमाहीची. जुनी ट्रान्सक्रिप्ट नवी म्हणून फिरताना मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. पाठवायचीच असेल तर नाव बदला, कंपनी-तिमाही-कॉलची तारीख असं. आणि पहिलं पान कापू नका. ते नुसतं पत्र असतं, फिरोज जिजिभॉय टॉवर्स आणि बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स हे बीएसई-एनएसईचे पत्ते, स्क्रिप कोड (एक्सचेंजवरचा कंपनीचा क्रमांक), एलओडीआरच्या नियम ३०चा उल्लेख, खाली सेक्रेटरीची सही. वाचायला कंटाळवाणं, पण हा कागद कंपनीने एक्सचेंजला अधिकृतपणे दिलाय हे त्या पानावरूनच कळतं. कुठल्या तरी साइटवरून कॉपी केलेला मजकूर आणि हा कागद यांत तोच फरक आहे. स्क्रीनरसारख्या साइटवर कंपनीच्या पानावर तिमाहीवार दुवे एकाखाली एक मिळतात, तिथून मूळ फाइलवर जायचं. कधी कधी कंपनी सुधारित ट्रान्सक्रिप्ट पुन्हा दाखल करते. तसं झालं तर दोन्ही ठेवा आणि काय सुधारलं ते बघा. बहुतेक वेळा स्पेलिंग असतं. बहुतेक वेळा.

सुरुवातीचं निवेदन वाचायला मी फार वेळ देत नाही. ते आधीच लिहिलेलं असतं आणि प्रेझेंटेशनमध्ये येऊन गेलेलं असतं. मी प्रश्नोत्तरांपासून सुरुवात करते.

आणि एवढं सगळं वाटून कशासाठी करायचं? ताजी बातमी आपल्याला आधी मिळावी म्हणून असेल तर सोडून द्या. कॉल चालू असतानाच ऐकणारे फंडांचे लोक आपल्या पुढेच असतात. ग्रुपचा खरा उपयोग स्मरणशक्तीसाठी. माझ्याकडे एक लांबट वही आहे. डाव्या बाजूला कंपनी काय म्हणाली, कधी म्हणाली, पान क्रमांक. उजवीकडे पुढच्या प्रत्येक तिमाहीला त्या गोष्टीबद्दल काय म्हणाली. एका कंपनीच्या नव्या प्लांटची ओळ सांगते. पहिल्यांदा ‘दिवाळीपर्यंत सुरू’. पुढच्या कॉलमध्ये ‘चौथ्या तिमाहीत’. त्याच्या पुढे ‘ट्रायल प्रॉडक्शन चालू आहे’. मग ‘ग्राहकाची मंजुरी बाकी’. मग दोन तिमाही प्लांटचा विषयच नाही, कारण कोणी विचारलाच नाही. प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट सुटी वाचली तर प्रत्येकात सबब पटण्यासारखी. सगळ्या एकाखाली एक ठेवल्या की दीड वर्ष गेलेलं दिसतं. ही वही एकट्याने तीन-चार कंपन्यांचीच होते. नऊ जणांनी केली तर पंचवीस-तीस कंपन्यांची होईल, आणि ती कुठे विकत मिळत नाही.

त्या वहीत आणखी एक गोष्ट टिपते: ‘ऑफलाइन’. विश्लेषक खोलात शिरला की उत्तर येतं, ‘हे आपण ऑफलाइन बोलू.’ दहापैकी आठ वेळा ते निरुपद्रवी असतं, डेप्रिसिएशनची फोड, टॅक्सचा दर वगैरे, वेळ वाचवायला. पण ज्या कंपनीत ऑर्डर रद्द होणं, ग्राहक गमावणं असल्या विषयांवर ऑफलाइन येतं, तिथे मी कान टवकारते. ऑफलाइन झालेलं बोलणं ट्रान्सक्रिप्टमध्ये येत नाही. समूह बैठका आणि समूह कॉल यांचं वेळापत्रक आधी जाहीर करावं लागतं, पण एकेकट्याशी झालेली भेट त्यात धरत नाहीत. किंमत हलवणारी गोष्ट तिथे सांगायला बंदी आहेच. पण ती पाळली गेली का, हे तुम्हा-आम्हाला कळायला मार्ग नसतो. चार तिमाहींत एकाच विषयावर तीनदा ऑफलाइन आलं तर ती नोंदच पुरेशी बोलकी असते.

आता कायदा. ट्रान्सक्रिप्टवर कॉपीराइट आहे का, असा तुमच्यातल्या वकील मित्राचा मुद्दा. या विषयावरचा गाजलेला खटला अमेरिकेतला. फेब्रुवारी २०११मध्ये स्वॉच या स्विस घड्याळ कंपनीने निमंत्रित विश्लेषकांसाठी निकालाचा कॉल घेतला, रेकॉर्ड करून प्रसिद्ध करू नका असं सांगितलं, आणि ब्लूमबर्गने त्याचं रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट आपल्या वर्गणीदारांना पुरवली. स्वॉच कोर्टात गेली. २०१४च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने निकाल दिला की हा उचित वापर आहे, गुंतवणूकदारांना ती माहिती मिळण्यात सार्वजनिक हित आहे. आपल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही. पण आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातही खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी उचित वापराची मुभा आहे. आणि इथे तर कंपनीनेच कागद सगळ्यांनी वाचावा म्हणून दाखल केलाय. नऊ जणांनी एकमेकांना दुवा पाठवला म्हणून कोणी दारात येणार नाही. ब्रोकरेजच्या ‘कॉनकॉल नोट्स’ मात्र वेगळ्या. त्या त्यांच्या ग्राहकांसाठी लिहिलेल्या असतात, वर नाव आणि मनाई छापलेली असते. त्या फिरवू नका. तशीही त्यात मूळ वाक्यं क्वचितच असतात.

पैसे घेऊन सल्ला द्यायला लागलात तर ती वेगळी वाट. सेबीच्या २०१४च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांखाली नोंदणी लागते. तुमच्या ग्रुपमध्ये फी नाही, मित्रमंडळी आहे, ठीक. उद्या कोणी ‘महिना पाचशे, कॉनकॉलचा सारांश आणि कुठे घ्यायचं-विकायचं’ असं सुरू केलं तर त्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा.

याहून जास्त जपायची गोष्ट म्हणजे निकालाच्या आधी येणारा मजकूर. तुमच्यापैकी एकाचा मेहुणा एका लिस्टेड कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. हसण्यावारी नेऊ नका. २०१७च्या अखेरीस काही मोठ्या कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरल्याच्या बातम्या आल्या. ज्यांनी ते मेसेज पुढे पाठवले होते त्यांतल्या काहींना सेबीने २०२०मध्ये दंड केला. मार्च २०२१मध्ये सॅटने, म्हणजे सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो रद्द केला. ती अप्रकाशित, किंमत हलवणारी माहिती आहे हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं, असं सिद्ध झालं नाही. सुटले. पण बातमीपासून सुटकेपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्यांचं काम फक्त फॉरवर्ड करणं होतं. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, त्यावर सौदा करू नका, आणि ज्याने टाकला त्याला सरळ फोन करून सांगा की परत नको.

शेवटचा तुमचा उपप्रश्न मला सगळ्यात आवडला. ग्रुपमधल्या दोघांना इंग्रजी ट्रान्सक्रिप्ट जड जाते, त्यांच्यासाठी मराठीत सारांश करावा का. जरूर करा. फक्त आकडा दडवणारे शब्द मराठीत आणताना त्यांना आकडा चिकटवू नका. ‘मिड-टीन्स’ म्हणजे चौदा ते सोळाच्या आसपास असं लोक धरतात, पण मॅनेजमेंटने मुद्दाम पंधरा म्हटलेलं नसतं. तुम्ही ‘१५ टक्के वाढ’ लिहिलंत की तुम्ही तिच्या वतीने वचन दिलंत. आम्ही ‘मिड-टीन्स’ तसंच देवनागरीत ठेवतो. ‘कॉशसली ऑप्टिमिस्टिक’चं आमच्या शिक्षकांनी ‘आशा आहे, पण छत्री घेतलीय’ असं केलं आणि तेच रूढ झालं. ‘हेडविंड्स’ला आम्ही सरळ ‘अडचणी’ म्हणतो, वाऱ्याबिऱ्याच्या भानगडीत पडत नाही. ‘वी डोंट गिव्ह गाइडन्स’ मात्र पूर्ण वाक्य लिहायचं, कारण त्याच्या पुढच्याच वाक्यात बहुतेक वेळा गाइडन्स येतो.

भांडणाचं म्हणाल तर, ते रेकॉर्डिंग कंपनीच्या साइटवर अजून असेलच. बाहेर पडलेल्या मित्राला चहाला बोलवा आणि ती पाच मिनिटं फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांनी एकत्र ऐका. पुढच्या कॉलची सूचना एक्सचेंजवर किमान दोन कामकाजाचे दिवस आधी येते, बहुतेक वेळा तिच्यातच फोन नंबर किंवा नोंदणीचा दुवा असतो. तुमच्यातल्या एकाने स्टार आणि एक दाबून विचारावं, ‘गेल्या कॉलमध्ये आपण पंधरा-सोळा सोयीचं म्हणालात आणि अठराला डायरेक्शनली होकार दिलात. पुढच्या वर्षासाठी आम्ही कुठला आकडा धरायचा?’ प्रश्न लिहून ठेवा, बहुतेक कॉलमध्ये एका माणसाला दोनच मिळतात. मॉडरेटर संस्थेचं नाव विचारेल. ‘वैयक्तिक गुंतवणूकदार’ सांगा. आमच्याकडे अशी नावं दिसली की त्यांना रांगेत मागे सरकवायला सांगणारे लोक होते, आजही कुठे कुठे असतील. तासभर ताटकळायला लागलं तरी फोन ठेवू नका.